भिंतीतली दारू

आप्पा, तुमची भिंत पाडली. मधलं घर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जी दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत होती, जिला तुम्ही जिवंत असेपर्यंत कुणाला साधा खिळा ठोकू दिला नाहीत, ती आता नाही. तिच्या जागी लोखंडी अँगल उभे आहेत आणि मधून आरपार उजेड येतो. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी लिहिलं नसतं, इतका माझा तुमच्यावर राग होता. तो अजूनही आहे. फक्त त्या भिंतीचे दगड निघाल्यापासून त्याला नेमकं कुठं बसवावं ते मला कळेनासं झालंय, म्हणून हा कागद घेतला.

माय माझ्याकडे नांदेडला असते. दोन्ही गुडघे गेलेत, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही, पण तोंड शाबूत आहे. वर्षभर तिनं एकच धोशा लावला होता. "मला शिरूरला माझ्या घरात नेऊन टाक. मंग मेले तरी चालंल." उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकवते ती शाळा बंद झाली तसं मी शिरूर अनंतपाळला मुक्काम हलवला आणि घराचं काम काढलं. मायला मी एवढंच सांगितलं होतं की संडास बांधते आणि उंबरे काढते. भिंतीचं मलाही ठाऊक नव्हतं. ते काढलं माझ्या लेकीनं. ती लातूरला घरं बांधायचं शिकते, त्यामुळं तिला कुठलंही घर दिसलं की ते मोडावंसं वाटतं. दोन दिवस टेप घेऊन फिरली आणि म्हणाली, "आई, ही भिंत असेपर्यंत आजीचा वॉकर वळणारच नाही. पत्र्याचं वजन मी अँगलवर घेते. ही काढू." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की तीच माझ्याकडे बघत राहिली.

जुनं घर उकरायला घेतलं की ते डसतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मिस्त्रीनं न्हाणीच्या भिंतीला छन्नी लावली आणि तो चार हात मागं फेकला गेला. गिलाव्याच्या आत कुणीतरी नुसती उघडी तार गाडून ठेवली होती आणि तिच्यात वीज खेळत होती. अर्धा तास तो बाजेवर पडून दात वाजवत राहिला. दुसऱ्या दिवशी चुलीमागचा दगड हलवला तर खाली विंचवांचं बिऱ्हाड. मिस्त्रीच्या बायकोनं वहाणेनं सात ठेचले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली फरशी उचलली आणि खाली काळं तोंड उघडलं. ते जुनं पेव होतं, जमिनीतलं धान्याचं कोठार, तुम्ही घर बांधायच्याही आधीचं. माझी लेक मोबाईलचा उजेड पाडून आत उतरायला निघाली होती. मिस्त्रीच्या बायकोनं तिचा दंड असा धरला की तिथं बोटं उमटली. मग तिनं चिंधी पेटवली, दोरीनं आत सोडली. हातभर खाली जाते न जाते तोच ती विझली. "बघितलीस का बाई? आत मेलेली हवा हाय," ती म्हणाली. "हितं उतरनारं मानूस वर येत न्हाई." मिस्त्री हसत होता. "ताई, असलं घर नव्हतं बघितलं. चहूकडून खायला उठायलंय." मी म्हटलं, "आमच्या आप्पांचं आहे. साधं कसं असेल?" गावातलाच माणूस तो, हसायचा थांबला आणि कामाला लागला.

कारण तुमची कीर्ती अजून आहे गावात. सुरुंगवाले आप्पा. कुणाच्या विहिरीला काळा दगड लागला, पहार चालेना, की तुम्हाला बोलावणं यायचं. कंत्राटदाराच्या कामावर असता तेव्हा सहा-सहा दिवस निलंग्याकडे, औश्याकडे. घरी असता तेव्हा गावातल्या विहिरी. येताना माझ्यासाठी तारा आणायचा. लाल आणि पिवळ्या, बारीक, सुरुंग उडून गेल्यावर उरलेल्या. मी त्यांच्या बांगड्या करायची, वेणीला बांधायची, एक टोपलीसुद्धा विणली होती. वर्गात तशा तारा दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. एकदा मला समोर बसवून तुम्ही लाडानं म्हणाला होता, "माय, तारंच्या टोकाला चांदीवानी नळी दिसली तर हात लावायचा न्हाई. मला हाक मारायची." मी विचारलं, "लावला तर?" तुम्ही माझा पंजा हातात घेतला, तीन बोटं दुमडली आणि दोनच वर ठेवली. बस्स, तेवढंच सांगितलंत.

पण ते तुमचे चांगले दिवस होते आणि असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे मला जास्त आठवतात. कामावरून यायचा ते कपाळाला चिंधी आवळून, डोळे लालभडक, तोंड तापलेलं, चालताना भिंतीचा आधार घेत. अंगाला एक गोडूस, मळमळवणारा वास. उजव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून तुमचं साधं बोलणंही ओरडणंच असायचं, आणि ओरडणं म्हणजे आम्हाला वाटायचं आता मारणार. बऱ्याचदा ते खरंही व्हायचं. भाकरी करपली म्हणून तुम्ही तापलेला तवा मायच्या अंगावर भिरकावला होता. तो तिच्या पिंढरीला लागला आणि कातडी तव्याला चिकटून आली. लोखंडी फुंकणीनं तिच्या मनगटावर मारलंत तेव्हा फुटलेल्या बांगडीची काच आत राहिली. ती काच मी सुईनं काढली, आप्पा. मी नऊ वर्षांची होते. शेजारचा टिकाव परत मागायला आला तर तुम्ही त्याला दाराच्या चौकटीवर आपटलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गप्प, उलट्या करून आलेले, कांदा फोडून हुंगत बसलेले. आमच्या गल्लीत आणखी दोन घरांतले पुरुष असेच यायचे, असेच मारायचे आणि सकाळी असेच बसायचे. ते काय करून येतात ते मला माहीत होतं. मग तुमचं वेगळं काय असणार होतं?

आणि मायनंच तो शब्द उच्चारला. तुम्ही सुरुंगाच्या स्फोटकांना नेहमी माल म्हणायचा. माय जुन्या वळणाची, तिच्या माहेरी विहिरी काळ्या भुकटीनं फोडायचे, त्या भुकटीला ती माणसं दारू म्हणायची. तिच्या तोंडी तोच शब्द बसला होता. हे मला आज कळतंय. त्या दिवशी मी अंगणात बसले होते आणि आत तुमचं भांडण चाललं होतं. माय रडत ओरडत होती, "लेकरू हाय घरात! भितीतली ती दारू भाईर काढा न्हाईतर मला तरी काढा. ही दारू माझं घर खाऊन टाकंल!" मग धपकन आवाज आला आणि ती गप्प झाली. मी अकरा वर्षांची. मला वाटलं, अच्छा, म्हणजे बाटल्या भिंतीत आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय पाण्याला गेली, तुम्ही मारुतीच्या पारावर होता. मी तुमचीच छन्नी आणि तुमचाच हातोडा घेतला. चूल आणि मांडणी यांच्यामध्ये भिंतीचा एक तुकडा नव्यानं लिंपलेला होता, रंग जरा वेगळा. मी ठरवलं होतं की बाटल्या एकेक काढायच्या आणि तुमच्यासमोर अंगणात फोडायच्या. मार खायची तयारी होती. बऱ्यापैकी पोपडा निघाला, दोन दगडांमधली फट उघडी झाली, मी छन्नी फटीत घातली आणि हातोडा उचलला. तुम्ही कधी आलात ते कळलंच नाही. हाक मारली नाहीत, ओरडला नाहीत. एकच थप्पड, डाव्या कानावर. मी चुलीच्या कडेवर जाऊन आदळले. कानात आधी घंटा वाजल्यासारखं झालं, मग काहीतरी गरम मानेवरून ओघळलं, आणि मग त्या बाजूला सगळं शांत झालं. ते आजही शांत आहे. पण मी शुद्धीवर होते आणि मी तुम्हाला बघत होते. तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. तुम्ही आधी भिंतीजवळ गेलात, गुडघ्यावर बसलात, फटीवर तळहात ठेवलात, छन्नी दोन बोटांत धरून सावकाश बाहेर काढलीत. मग माझ्याकडे आलात. आधी भिंत, मग लेक. हा क्रम मी आयुष्यभर विसरले नाही.

रक्त थांबेना म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नांदेडच्या डॉक्टरकडे नेलंत. लाल एसटी, मी खिडकीशी, कानात कापसाचा बोळा. तुम्ही माझ्या डाव्या हाताला. अहमदपूरपर्यंत तुम्ही मध्येमध्ये काहीतरी बोलत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरनं पडदा फाटलाय म्हणून सांगितलं आणि कसा फाटला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "पडली." मामाचं घर नांदेडातच होतं, त्यानं मला तिथंच शाळेत घातलं आणि मी परत राहायला म्हणून शिरूरला आलेच नाही. सुट्टीत यायची ती मायसाठी. तुमच्या हातचं पाणी घ्यायची नाही. "हाताला वास येतो तुमच्या," असं एकदा तोंडावर म्हणाले होते. त्यानंतर मामाकडे यायचा तेव्हा आधी मोरीवर जाऊन राखेनं कोपरापर्यंत हात घासायचा. मामी हसायची. त्या काळात तुम्ही मला एक पेटी आणून दिलीत, पुस्तकं ठेवायला. कामावरच्या खोक्याच्या फळ्या रंधून, कोपरे घोटून, दोऱ्यांच्या मुठी लावून केलेली. वरचा छाप रंध्यानं काढून टाकला होता, पण वास तसाच होता. मला वाटलं बाटल्यांचं खोकं. तुम्ही एसटीत बसलात तशी मी ती मामीच्या बंबात घातली. चांगली सुकी लाकडं होती, पटकन पेटली.

आणि मग तो दिवस. मी बारावीला. निलंग्याकडच्या एका विहिरीत पाचपैकी एक सुरुंग उडाला नाही. तुम्ही वाट बघितलीत आणि तो बघायला खाली उतरलात. त्यानंतर तुम्हाला वर काढायला पोती लागली. मी पोती बघितली, आप्पा. माय बेशुद्ध होऊन पडलेली, मामा धावपळीत, आणि लिंबाखाली खुर्ची टाकून जमादार पंचनामा लिहीत होता. त्यानं मला बोलावून विचारलं, "वडील पीत होते का?" मी म्हटलं, "हो." "रोज?" "रोज." कंत्राटदाराचा माणूस शेजारीच उभा होता, त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. कागदावर तसंच लागलं: मयत इसम दारूच्या नशेत विहिरीत उतरला. गाव तेच बोललं. नवऱ्याला मी तेच सांगितलं, लेकीला तेच. तुझे आजोबा दारूडे होते, त्यांनी बाटलीपायी माझा कान फोडला. ती लहानपणी हे ऐकून माझ्या कानावर पापा द्यायची.

आता परवाचं. भिंतीवर शेंदराचा हातभर डाग होता, तुम्ही गेल्यानंतर मायनं लावलेला. ती दर अमावस्येला तिथं तेल वाहायची आणि तिथं म्हसोबा आहे म्हणायची. मिस्त्रीनं घण खाली ठेवला. "ताई, देव हाय हितं. मी न्हाई हात लावायचा." मला हसू आलं. मी म्हटलं, "देव नाही तिथं. आमच्या बापाचा दारूचा कोनाडा आहे. नारळ फोडायचा तर फोडा, पण भिंत पडली पाहिजे." त्यानं भिंतीच्या पायथ्यालाच, दगडावर, दणकून नारळ फोडला. मग मी त्याच्या हातातून घण घेतला. पहिला घाव मी घातला आप्पा, दुसराही मीच. शेंदूर माझ्या तोंडावर उडाला. पस्तीस वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं काम मी पुरं करत होते आणि मला इतका आनंद होत होता की लेक म्हणाली, "आई, अगं बास, तुझे हात बघ." तळव्यांचे फोड फुटले होते. मिस्त्रीनं घण परत घेतला, पहारीनं दगड उचकटला. आत आणखी एक दगडांचा थर. तो काढला. आत पत्र्याचा चौकोनी डबा, गंजून खालून फुटलेला, त्यातून तेलकट काळा ओघळ भिंतीत मुरलेला. मी म्हटलं, "फोडा. घाला घाव. मला आवाज ऐकायचाय काचेचा." त्यानं घण डोक्यावर नेला.

आणि डब्याच्या फुटलेल्या कोपऱ्यातून लाल-पिवळी तार दिसली. तारेच्या टोकाला चांदीसारखी नळी.

मला हाक मारता आली नाही. तोंडच उघडेना. घण धरण्याएवढी मी जवळ नव्हते आणि ताकदही नव्हती. जे हाताला आलं ते केलं: त्या पन्नाशीच्या माणसाच्या, त्याच्या बायकोदेखत, माझ्या लेकीदेखत, सगळा जोर लावून कानाखाली ओढली. तो हेलपाटला, घण बाजूला सुटला आणि त्याच्याच पायावर पडला. अंगठ्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो गुरासारखा ओरडत खाली बसला, रक्ताचं थारोळं झालं, त्याची बायको माझ्या अंगावर धावून आली, आणि मी कुणाकडेच बघितलं नाही. मी गुडघ्यावर बसले होते आणि डब्यावर एखादा दगड घसरतोय का ते बघत होते. हे माझं मला तिथंच कळलं. मिस्त्री मागं किंचाळत होता, "याड लागलं का ताई? हात कशाला उचलता? तोंडानं सांगायचं ना!"

तोंडानं सांगायचं ना. हेच वाक्य, आप्पा. अगदी हेच वाक्य मी तुमच्यासाठी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

सगळ्यांना बाहेर काढलं. गल्ली रिकामी केली, मिस्त्रीला दवाखान्यात नेलं, पोलीस आले, दुपारी बॉम्ब पथकाची गाडी आली. जाड पोशाख घातलेला एक अधिकारी पाऊण तास आत होता. वाळूच्या पोत्यांत घालून त्यानं तो डबा ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेला आणि तिथं उडवला. आम्ही शाळेच्या मैदानावर होतो, तरी पायाखालची माती हलली. शाळेच्या दोन काचा फुटल्या, सगळ्या गल्लीतली कुत्री एकदम रडायला लागली, आणि धुळीचा लोट ओढ्यावर बराच वेळ उभा राहिला. लेक माझा दंड सोडत नव्हती. एका घणावर आम्ही चौघं होतो. अधिकारी हेल्मेट काढून माझ्यापाशी आला, पाणी मागितलं आणि कपाळ दाबून धरलं. म्हणाला, "जुना माल पाझरला की असं होतं. एवढ्या वेळात डोकं ठणकायला लागलं. हा माल रोज हाताळणाऱ्यांचे फार हाल होतात बघा. डोकं फुटतं, डोळे लाल, उलट्या, धड उभं राहवत नाही. बघणाऱ्याला वाटतं पिऊन आलाय." त्यानं दोनदा विचारलं, मॅडम, बरं वाटत नाही का?

जबाब घ्यायला हवालदार होता, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. माल कुणाचा? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा. काय करायचे? विहिरींना सुरुंग लावायचे. हयात आहेत का? नाहीत. त्यानं वही मिटायला घेतली तर मी म्हटलं, "आणखी एक लिहा. ते पीत नव्हते." तो गोंधळला. "पिन्याचं कोन इचारलं ताई?" मी म्हटलं, "मागं एकदा विचारलं होतं." तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघून राहिला आणि त्यानं ते लिहिलं नाही. मी सही केली.

नांदेडला परत आले तेव्हा माय ओट्याशी खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी चपलासुद्धा न काढता विचारलं, "भिंतीत काय होतं तुला ठाऊक होतं?" तिनं वर बघितलं नाही. "हाव." "आप्पा पीत होते?" "थेंब न्हाई. वास आला तरी मळमळायचं त्यांला." मी ओरडले. म्हटलं, मग मी जमादाराला सांगितलं, अख्ख्या गावाला सांगितलं, तू एकदा तरी न्हाई म्हणायचं होतंस! तिनं काडी मोडली. "मी शुद्धीवर आले तवा तू सांगून बसली व्हतीस. न्हाई म्हनले असते तर मंग डोकं कशानं दुखत व्हतं, हात कशानं वास मारत व्हते, समदं निघालं असतं. घर उकललं असतं त्यांनी. बिगरपरवान्याच्या मालापायी मला आत टाकलं असतं. तुझं शिक्षण, तुझं लगीन… दारूड्याची बायकू म्हनून जगता येतंय बाई. लई जनी जगतेत." मग ती म्हणाली, "त्यांलाबी तो माल काढायचाच व्हता. भूकंप झाला, तवा गावभर लष्कर, पोलीस, न्यायचं कुठं? पुन्यांदा हादरे बसायचे तर समदे भाईर पळायचे, आन् ह्यो मानूस आत जाऊन भितीला पाठ लावून हुबा. मंग म्हनले, माल पाझरायलाय, आता हात लावायचा न्हाई. म्होरून आनखी दगड लावला. मी शेंदूर फासला. लोक देवाला भितेत." मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कुणी?" तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुला सांगितलं की त्यांनी. म्हनले, पोरीला समदं सांगितलंय, तिनं मान हालिवली, ती कुठं बोलायची न्हाई. शानी हाय."

आप्पा, तवा मी विसरणार नाही. फुंकणी विसरणार नाही. डोकं दुखत होतं हे कारण मायच्या पिंढरीवरच्या डागाला पुरत नाही. डोकी पुष्कळ जणांची दुखतात. ते तुमचं तुमच्याकडेच राहू दे. पण ती एक थप्पड मी तुम्हाला परत करते, ती माझी नव्हतीच, मी उगाच इतकी वर्षं सांभाळली. मिस्त्रीचा अंगठा जुळतोय. मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला, तुम्ही निदान सांगायला तरी आलाव." भिंतीच्या जागी आता मायची बाज येणार आहे. लेकीला अजून काही बोलले नाही. ती विचारते, आई, आजोबांनी दारूसोबत हे पण ठेवलं होतं का? मी म्हणते, बघू, सांगेन. तिच्या लेखी तुम्ही अजून पिताच.

कारण तिला सांगायचं तर एसटीपासून सांगावं लागेल, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. शिरूर सुटल्यावर तुम्ही माझ्याकडे वाकलात. तुमचा बहिरा कान माझ्या बाजूला, माझा फुटलेला तुमच्या बाजूला. खूप वेळ बोलत होता. तुमचा हात भिंतीएवढी उंची दाखवत होता, मग तीन बोटं दुमडून दोन वर धरलीत. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मान वळवून चांगला कान पुढं केला असता तर आलं असतं. मी केला नाही. तुमचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून मी नुसती मान हलवली.